पाणी कुठल्या बाजूचं

कॅलेंडर सरकवलं तसे दस्तगीर मिस्त्री हसले.
मागं काळ्या तिळांची रांग, खुंटीपासून खाटेपर्यंत,
आणि पोपडा धरून ओढला तर
पिवळा, पिवळ्याच्या पाठीला मोरपंखी,
मोरपंखीच्या पाठीला गुलाबी.
तीन दिवाळ्या.
"वहिनी, किती वर्सं झाकलासा ह्यो डाग?"

मी म्हटलं, पलीकडनं झिरपतंय.
बोळाच्या अंगानं. जाऊबाईंच्या मोरीचं पाणी.
सहा वर्षं मी हेच सांगत आलेय
ह्यांना, माहेरी, पाण्याच्या नळावर.
वाटणीच्या कागदात ही भिंत आमच्याकडं आली,
ओलीचा उल्लेख नव्हता.

मिस्त्रींनी पालथा हात लावला,
पोराचा ताप बघावा तसा.
नखानं खरवडून जिभेवर ठेवलं.
"लोणा न्हाई. खारट लागंना."
मग खिशातनं दुधाची रिकामी पिशवी काढली,
धुतलेली, चौकोनी कापलेली,
चारी कडांना पट्टी मारून भिंतीला डकवली.
"दोन दिस हात लावू नगासा.
पिशवीच्या मागं पाणी धरलं तर भिंतीचं.
पुढं धरलं तर तुमचं."

त्या दोन दिवसांत राधानगरीचे दरवाजे उघडले,
अख्खी शुक्रवार पेठ
राजाराम बंधाऱ्याची फूट-इंच पाठ म्हणत होती.
मी पिशवीकडं बघत होते.
काडी पेटत नव्हती. मिठाला पाणी सुटलेलं.
खाटेखाली ह्यांच्या कापशी चपलांवर पांढरी लव,
हात लावावा तर मऊ, मांजराच्या पिल्लासारखी.
दोरीवर पाच माणसांचे कपडे,
जीन्स चौथ्या दिवशीही दमट.
रविवारी पांढऱ्या रश्श्याची वाफ वर गेली,
आढ्याखाली जरा फिरली,
आणि वाट न मिळून खाली आली.
धाकटी रात्री दोनला खोकायची
ती तशीच खोकली.

मंगळवारी सकाळी
थेंब होते. पुढच्या अंगाला.
मी एक कड उचलून बघितली,
मागं कोरडं. ठणठणीत.
बोट फिरवलं, परत फिरवलं.
मिस्त्री यायच्या आत
पदरानं पुसून टाकावं,
असंही मनात आलं.

त्यांनी पुढचं पुढचं सांगितलं,
कपाट भिंतीपासनं चार बोटं लांब,
भांड्यावर झाकण, कपडे पडवीत, पंख्याखाली,
काळं पुसायचं ते ब्लीचिंगच्या पाण्यानं, तोंड बांधून.
"आणि ऑइलपेंट नगं.
भिंतीला रेनकोट घालून नाक दाबल्यागत हुतंय.
चुना द्या."
मग मान वर करून, सावकाश:
"ही खिडकी कुणी ठोकली?"

चार इंची खिळे. सहा.
वाटणीच्या दुसऱ्या दिवशी, वरवंट्यानं.
नाव सांगायला लागलं नाही.

पाच निघाले. एक अर्धा आतच राहिला.
तीन फुटांचा बोळ. मला वाटलेलं
समोरचीही बंद असेल.
ती उघडी होती. नुसती उघडी नाही,
बिजागरीला तेल होतं.
तिच्या खोलीतली भिंत दिसली, चुन्याची, पांढरी,
आणि तिच्या मोरीचं पाणी
नळीतनं शिस्तीत गटारात जाताना दिसलं.
विजयमाला तांदूळ निवडत होती.
तिनं ताट जरा वळवलं, उजेडाकडं.

आता खिडकी चार बोटं उघडी असते,
कपाटाएवढीच.
चुन्याचा पहिला हात झालाय, दुसरा उघडिपीला.
खोकला उतरला म्हणायला
आणखी आठ दिवस जाऊ द्यात.

काल संध्याकाळी पलीकडनं वास आला,
लसणीचा, मग जळक्या लसणीचा.
"गॅस!" मी ओरडले.
पलीकडं बटण वाजलं.
एवढंच.